जेवायला काय घालायचं

"आई, जेवायला काय घालणार आहेस?" लेकीने फोनवर विचारलं, आणि आईने साहजिकच विचारलं, "कुणाला?"

पलीकडे आधी हसू, मग नुसतं हसूच हसू. लेक इतकी हसली की तिच्या ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "काय गं, काय झालं?" असं विचारलेलंही इकडे ऐकू आलं. "अगं, कुणाला नाही! तू. तू स्वतः. जहाजावर दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये कॅप्टनचं जेवण असतं. त्याला अंगात काय घालणार, असं विचारतेय मी." आणि तिने वाचूनच दाखवलं: बायकांनी लांब पोशाख, पुरुषांनी कोट आणि टाय, वेळ रात्री साडेआठ, ज्यांना हे जमणार नाही त्यांची सोय वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात. "म्हणजे कपडे नीट नसले तरी उपाशी ठेवत नाहीत ना?" आईने विचारलं. "आई, तू वरच्या मजल्यावर जेवायचं नाहीयेस," लेक म्हणाली. "तू हॉलमध्ये जायचंयस. मी तिकिटं काढलीत ती त्यासाठी."

फोन ठेवल्यावर ती ओट्याशी तशीच उभी राहिली. भीती म्हणावी, तर तोंड हसत होतं. सत्तावन्न वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. जेवायला काय करायचं, हा रोज. जेवायला कोण कोण आहे, हा अधूनमधून. पण जेवायला घालायचं ते नेहमी दुसऱ्याला, आणि आपल्या अंगावर काय आहे याचा विचार पडायला आधी माणूस जेवायला बसावा लागतो. ती बसायचीच कुठे! खाली बेकरी, वर घर. नवरा पहाटे दोनला उठून भट्टीशी जायचा, म्हणून संध्याकाळी सातला आडवा व्हायचा. उन्हाळ्यात तर खिडकीत अजून उजेड असताना. सहाला तो एकटा, मान खाली घालून जेवायचा आणि ती जिन्याने वरखाली करत त्याला वाढायची, कारण नेमकी सहालाच दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड असायची. नऊला शटर ओढून ती वर आली की उभ्याउभ्या, पातेल्यातच चमचा घालून जेवून घ्यायची. पंखासुद्धा लावायची नाही, कारण तो खडखडायचा. त्या घरात झोप म्हणजे पाळण्यातलं बाळ होतं, सगळ्यांनी मिळून सांभाळायचं. लेक लहानपणी पाढे कुजबुजत म्हणायची. पहिलीच्या बाईंनी बोलावून विचारलं होतं, हिला मोठ्याने बोलता येत नाही का? नात्यातल्या लग्नांना, बारशांना, सगळीकडे संध्याकाळची ती एकटी. "भट्टीवाले नाही आले?" "झोपलेत." चौतीस वर्षांत नवऱ्याबद्दल तिने लोकांना सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर हे एवढंच. झोपलेत.

गेल्या वर्षी त्याच्या मनगटांनी दगा दिला. पिठाचा गोळा उचलताना हातातून सुटायला लागला. पुतण्याने बेकरी घेतली, भट्टी मोडून विजेचं यंत्र बसवलं, आणि हे दोघं दोन बस-थांबे पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. काम गेलं, पण झोप काही गेली नाही. सात वाजले की त्याच्या डोळ्यांवर झापड पडायची ती पडायचीच, आणि पहाटे दोनला तो उठून नव्या घराच्या गॅलरीत हात मागे बांधून उभा राहायचा. ती नऊलाच जेवायची. आता खाली दुकान नव्हतं, शटर नव्हतं, तरी नऊलाच, आणि उभ्यानेच. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

लांब पोशाख. तिने कपाट उघडलं. समोर सगळं फिक्कट. पांढरं, सायीच्या रंगाचं, हळुवार पिवळं, एक-दोन धुऊन धुऊन पांढरे झालेले गुलाबी. ही तिची आवड नव्हती, ही पिठाची आवड होती. त्या घरात मैदा हवेत असायचा, भुवयांवर असायचा, जिन्याच्या कठड्यावर असायचा. गडद काही नेसलं-घातलं की दुपारपर्यंत माणूस चुन्याच्या भिंतीला टेकून आल्यासारखा दिसायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे एक जांभळा झगा होता, पिकलेल्या जांभळाचा रंग, आईने हौसेने शिवलेला. पहिल्याच आठवड्यात तो घालून ती दुकानात बसली. सकाळभर बायका येत होत्या, पाव घेत होत्या, आणि जाताना एकमेकींकडे बघून तोंडावर हात ठेवत होत्या. शेवटी सासूबाईंनी आत बोलावलं आणि फडक्याने तिची पाठ झटकली. पाठीवर, कंबरेच्या जरा वर, पिठाची पाच बोटं उठली होती. ती इतकी लाजली की दोन दिवस दुकानात बसली नाही, आणि झगा ट्रंकेत तळाला गेला. पण खरं सांगायचं तर, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या सकाळी ती लाजत होती त्याहून जास्त तिला बरं वाटत होतं. आपल्या पाठीवर काहीतरी आहे आणि ते सगळ्या गल्लीला दिसलंय.

"रंग कुठला?" समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाईंनी विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काळा." मग तीच दचकली. "म्हणजे काळा नाही. काळ्याच्या जवळचा."

"काळ्याच्या जवळचा काळाच असतो, काकू."

"निळा. असा निळा की लांबून काळा वाटला पाहिजे."

शिवणवाल्या बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "कुठे निघालात एवढं?"

"जेवायला," ती म्हणाली, आणि हे वाक्य इतकं छान वाटलं की तिने परत म्हटलं, "जेवायला जायचंय. जहाजावर."

मापं घेताना ती पोट आत ओढून उभी राहिली. "सोडा श्वास," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "इथे दोन मिनिटं आत घ्याल, समुद्रावर आठवडाभर घेणार आहात का?" मग दंडाला फीत लावून त्या थांबल्या. दुसऱ्या दंडाला लावली. परत पहिल्याला. "उजवा इंचभर जाड आहे हो तुमचा." "ट्रे," ती म्हणाली. पावांचे ट्रे उजव्या हाताने उचलायचे, डाव्याने गिऱ्हाइकाला द्यायचं. चौतीस वर्षं. मग दोघीही तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मनगटापासून कोपरापर्यंत आडव्या, तपकिरी, शिडीच्या पायऱ्यांसारख्या खुणा होत्या, तापलेल्या ट्रेच्या कडा लागून झालेल्या. काही जुन्या, पुसट, काही गेल्या वर्षीच्या. "बाही पूर्ण ठेवा," ती म्हणाली. "गरम होईल." "होऊ दे." शिवणवाल्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, "मनगटाला बटण ठेवते. वाटलं तर वर सारता येईल."

नवऱ्याचं प्रकरण अवघड होतं. "कोट? मी काय पुन्हा बोहल्यावर चढणार आहे का?" असं म्हणून त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पण पान बराच वेळ उलटलं जात नव्हतं, यावरून तिने ओळखलं की तो विचार करतोय. दोन दिवसांनी तो स्वतःच जाऊन राखाडी कोट घेऊन आला. "खांद्यात बसतोय," एवढंच म्हणाला. खरी अडचण कोटाची नव्हतीच. खरी अडचण साडेआठची होती. जहाज सुटायला तेव्हा अठरा दिवस होते. तिने हिशेब मांडला: रोज पाच मिनिटं उशिरा झोपायचं, अठरा दिवसांत दीड तास. त्याला तिने तसं सांगितलंही, आणि नवल म्हणजे तो हो म्हणाला. मग रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर बसत. ती त्याला काहीबाही विचारी. तुमच्या शाळेतले मास्तर कसे होते? पहिला ट्रे जळला तो कधी? तो उत्तरं देई, आणि उत्तरांमधली अंतरं वाढत जात. चौतीस वर्षांत तिने त्याला संध्याकाळी इतका वेळ बघितलं नव्हतं. झोप येताना आधी त्याचा उजवा डोळा मिटे, मग डावा. बाराव्या दिवशी तो पावणेआठपर्यंत टिकला आणि तिने टाळी वाजवली. तेराव्या दिवशी सव्वासातलाच, शाळेतल्या मास्तरांच्या गोष्टीच्या मध्यावर, त्याची मान कलली. उठवायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तिने दिवा मालवला, चप्पल हातात घेतली आणि चवड्यांवर स्वयंपाकघरात गेली.

जहाज तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं. धक्क्यावरून बघताना ते जहाज वाटतच नव्हतं. कुणीतरी एक आख्खी गल्ली उचलून पाण्यावर ठेवलीय असं वाटत होतं, गॅलऱ्यांसकट, दिव्यांसकट. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. केबिनमध्ये शिरून तिने आधी निळा झगा हँगरला लावला, मग खिडकी पाहिली, मग समुद्र. पहिल्या दिवशी जेवणाच्या दोन वेळा होत्या, सहा आणि साडेआठ. त्यांनी सहाला लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या गर्दीत जेवून घेतलं, सातला नवरा झोपला, आणि ती अंधारात पलंगाच्या काठावर बसून भिंतीतून येणारी यंत्रांची घरघर ऐकत राहिली. उद्या. उद्या साडेआठला. लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी व्हायचं तसं तिच्या तळपायांना मुंग्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच तिने तयारी चालवली. नवऱ्याला चारला जबरदस्तीने झोपायला लावलं. त्याला झोप लागली नाही. "दिवसा कशी येईल?" तो म्हणाला. सहाला त्याने कोट चढवला, टाय बांधला, सोडला, परत बांधला आणि पलंगावर ताठ बसला, फोटो काढायला बसल्यासारखा. ती न्हाणीघरात गेली. ऊन पाणी, साबण, मग तो निळा झगा डोक्यावरून खाली ओढताना अंगभर झालेला थंड सरसराट. आरशात लांबून काळी वाटणारी एक बाई उभी होती. केस पांढरे, मान लांब. मान आपली लांब आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने उजवीकडे वळून पाहिलं, डावीकडे वळून पाहिलं, आणि शेवटी, बोलू नये पण, पाठ करून खांद्यावरून मागे वळून पाहिलं. मग ओठ आत मिटून, दार उघडून, ती बाहेर आली.

तो झोपला होता. बूट घालून, कोटासकट, हात छातीवर. दोन्ही डोळे मिटलेले. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती आठ वाजून गेले तरी खुर्चीवर बसून राहिली. राग आला का, तिने स्वतःलाच चाचपून पाहिलं. राग नव्हता. तळपायांना कालच्याच मुंग्या येत होत्या आणि त्या काही केल्या थांबत नव्हत्या. बाहेर बोळातून लोक जात होते. टाचांचे आवाज, हसणं, अत्तराचा एक झोत दाराच्या फटीतून आत. सव्वाआठला ती उठली. झगा काढून हँगरला लावायचा, हे एक करता येत होतं. चौतीस वर्षांची सवय ते अगदी मऊ आवाजात सांगतही होती. तिने ते ऐकून घेतलं, आणि तरी दार उघडून बाहेर गेली. दार मात्र आवाज न करता लावलं.

बोळातला गालिचा इतका जाड होता की आपण चालतोय हे कळत नव्हतं. जिन्यावर आरसे होते, आणि प्रत्येक आरशात ती निळी बाई तिच्याआधी पोचलेली असे. हॉलच्या दाराशी पांढऱ्या कोटातल्या वाढप्याने कमरेत वाकून विचारलं, "किती जण?" ती म्हणाली, "एक," आणि आपलाच आवाज ऐकून तिला हसू आलं. त्याने तिला सहा जणांच्या गोल टेबलाशी नेलं, खुर्ची मागे ओढली, ती बसल्यावर पुढे सारली. ती बसली. समोर पांढरं कापड, चार काटे, तीन पेले, झुंबरांचा उजेड, आणि खिडकीबाहेर संपूर्ण काळोख. टेबलाशी दातांचे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बहीण होती, आणि शेजारी झगमगत्या लाल पोशाखातल्या रुंद खांद्यांच्या बाई, ज्यांनी आपण होऊन सांगितलं की त्या चाळीस वर्षं पोहायला शिकवतात. तिच्या पलीकडच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

टोपलीतून पाव आले. तिने एक उचलला, अंगठ्याने दाबला, कानाशी नेला आणि परत ठेवला. डॉक्टर बघत होते. "काय झालं?" "कालचा आहे," ती म्हणाली. "पाण्याचा हात लावून परत गरम केलाय." डॉक्टरांनी तोंडातला घास चावायचा थांबवला. पोहणाऱ्या बाई मोठ्याने हसल्या. "तुम्हाला कसं कळलं?" मग तिने सांगितलं. भट्टी कशी पेटवायची, पाव नीट भाजला की खालून वाजवल्यावर कसा बोलतो, पावसाळी हवेत पीठ कसं हट्टाला पेटतं. बोलता बोलता गरम झालं म्हणून तिने बटणं सोडली आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, आणि डॉक्टरांच्या बहिणीने "हे काय भाजलं?" म्हणून तिचा हात हातात घेतला तेव्हाच तिच्या लक्षात आलं. "सगळ्या ट्रेच्या आहेत," ती म्हणाली. "ही, लेक झाली त्या आठवड्यातली." एवढं सलग ती कधी बोलली होती, आठवेना. एवढ्या मोठ्याने तर नाहीच.

"आणि भट्टीवाले?" पोहणाऱ्या बाईंनी विचारलं.

"झोपलेत."

"बरं नाही का?"

"छे, ठणठणीत आहेत. सातला झोपतात."

"मग उठवा की."

"त्यांना उठवत नाही कधी."

"का?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. दोनला उठायचं असतं. भट्टी असते. सकाळी सहाला शाळेच्या डब्यांचे पाव जायचे असतात. एकेक कारण जिभेपर्यंत आलं आणि एकेक तसंच विरून गेलं, कारण भट्टी मोडली होती आणि डब्यांचे पाव पुतण्या पाठवत होता. तिच्या समोर सूप ठेवलं गेलं. वाफ येत होती. तिने चमचा उचलला, ठेवला, मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला. "आलेच," ती म्हणाली, आणि उठली.

येताना ती चालली होती. जाताना जवळजवळ पळाली. झगा दोन्ही हातांनी वर धरून, बोळात चुकून उलट्या बाजूला वळून, परत फिरून. केबिनचं दार तिने उघडलं आणि बंद होताना ते धाडकन वाजलं. ती क्षणभर दचकून थांबली. मग तिने दिवा लावला. मोठा. त्याच्या खांद्याला हात लावला, आणि हात तिथेच राहिला. या खांद्याला संध्याकाळी सातनंतर तिने कधी हात लावला नव्हता.

"अहो. उठा."

काही नाही.

"उठा म्हणते ना!" तिने त्याला गदागदा हलवलं.

तो ताडकन उठून बसला. "किती वाजले? पीठ वर आलं?" आणि डोळे पुरते उघडायच्या आत त्याने कोटाच्या बाह्या वर सारायला सुरुवात केली.

"नऊ वाजायला आलेत. रात्रीचे. पीठबीठ काही नाही."

"मग काय झालं? कुणाला काही झालं?"

"कुणाला काही झालं नाही," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "मला तुमच्याबरोबर जेवायचंय."

एवढ्याशा केबिनमध्ये ते वाक्य फार मोठं वाटलं. तो तिच्याकडे बघत राहिला. केस उभे, टाय कानाशी. आधी चेहऱ्याकडे, मग झग्याकडे, मग परत चेहऱ्याकडे. तिला वाटलं, चिडेल, कूस बदलेल, उद्या म्हणेल. "हे कधी घातलंस?" त्याने विचारलं.

"मघाशी. तुम्ही घोरत होतात."

"गडद आहे."

"आहे."

"चांगला आहे," तो म्हणाला. मग पाय खाली सोडून, जरा ओशाळून, "आधीच उठवायचंस. भूक लागलीय मला." तिने त्याचा टाय सरळ केला. केस पाण्याने बसवायचा प्रयत्न केला. ते बसले नाहीत.

बोळात तो तिच्या बरोबरीने चालला, पण जिन्याशी आल्यावर थबकला. खालून वाद्यांचा आवाज येत होता, माणसं वर-खाली करत होती, दोन म्हाताऱ्या हातात हात घालून हसत चालल्या होत्या, एक बाप झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन नाचत होता. "एवढी माणसं जागी असतात?" त्याने विचारलं. "या वेळेला?"

"असतात."

"रोज?"

"रोज."

त्याने मान हलवली, फार मोठी बातमी ऐकल्यासारखी, आणि तिचा हात धरून जिना उतरायला लागला.

टेबलाशी सगळ्यांनी त्याला तिच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. पोहणाऱ्या बाईंनी, "या भट्टीवाले, तुमच्या पावांबद्दल सगळं कळलंय आम्हाला," असं म्हटलं आणि त्याने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिला बोलता येतं हे त्याला आत्ता कळत होतं. तिचं सूप निवलं होतं; तिने ते तसंच संपवलं आणि काय चव होती! मग मासा आला, मग भाज्या आल्या, आणि कुठल्या काट्याने काय खायचं हे दोघांनाही माहीत नसल्यामुळे दोघांनी डॉक्टरांच्या बहिणीची नक्कल केली. ती डावखुरी आहे हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तो हसला. रात्री हसताना तो कसा दिसतो, हेही तिने पहिल्यांदा पाहिलं. गोड पदार्थ येईपर्यंत त्याचा उजवा डोळा दोनदा मिटला. दोन्ही वेळा त्याने तो जोर लावून उघडला.

वाढपी वही घेऊन आला. "उद्यापासून पुन्हा दोन वेळा आहेत. कालच्यासारखं सहालाच लिहू ना?"

ती हो म्हणणारच होती. शब्द तयार होता, ओठांवर होता. पण नवऱ्याने घास तोंडात असतानाच हात वर केला, गिळला, आणि म्हणाला, "साडेआठ." मग तिच्याकडे वळून, "तुला चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

वाढप्याने लिहून घेतलं. नवऱ्याने तोंडावर हात न ठेवता एक भलीमोठी जांभई दिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"झोप आली वाटतं," पोहणाऱ्या बाई म्हणाल्या.

"आलीय," तो म्हणाला, आणि खुर्ची टेबलाजवळ आणखी पुढे ओढली. "पण बसतो."